आमदारांनी प्रश्न विचारला, पुढं काय? 'हे अंशतः खरे आहे' या उत्तराचा अर्थ समजून घ्या

सोलापूर : अधिवेशन सुरू झालं की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ यायला लागतात. आपले आमदार उभे आहेत, हातात कागद आहे, "अध्यक्ष महोदय" म्हणून बोलतायत. खाली लिहिलेलं असतं, 'भाऊंनी सभागृह गाजवलं'. दोन दिवस अंगठे पडतात आणि विषय मागं पडतो. मंत्र्यांनी नक्की काय उत्तर दिलं, ते कागदावर आलं का, हे मात्र फार कोणी बघत नाही. खरा माल तर त्या उत्तरात असतो.

मंत्र्याला उत्तर द्यावंच का लागतं? राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे. शेती, पाणी, सरकारी दवाखाने, पोलीस, ग्रामपंचायत हे विषय घटनेनं राज्याकडं दिलेत, म्हणून त्यांचा जाब मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात विचारता येतो. कांद्याची निर्यातबंदी, उसाची एफआरपी, रेल्वे हे विषय दिल्लीचे. सोलापूर बाजार समितीत कांदा पडला की आपण आमदाराला धरतो, पण निर्यातीचं विचारायचं असेल तर सोलापूर नाहीतर माढ्याच्या खासदाराला गाठावं लागतं. चुकीच्या दारात गेलेल्या प्रश्नाला 'हा विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे' एवढंच उत्तर मिळतं.

विधानसभेत २८८ आमदार, त्यात आपल्या जिल्ह्याचे ११. विधान परिषदेत आणखी ७८. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. प्रश्नाचे प्रकार बरेच आहेत. ज्याच्यापुढं चांदणीची खूण असते तो तारांकित, त्याला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. ताजा आणि तातडीचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना.

आता उत्तर कसं वाचायचं ते बघू. समजा तुमच्या फाट्याच्या टेलला उन्हाळी आवर्तनाचं पाणी आलंच नाही आणि आमदारांनी तारांकित प्रश्न टाकला. तो ठरलेल्या साच्यात छापून येतो. पाणी मिळाले नाही हे खरे आहे काय. असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरही तसंच एक, दोन, तीन करत येतं.

'होय, हे खरे आहे' असं आलं तर ते सरकारनं लेखी कबूल केलं. उद्या शाखा अभियंता म्हणाला की तुमच्याकडं पाणी आलं होतं, तर हा कागद त्याच्यापुढं ठेवता येतो. 'हे खरे नाही' आलं आणि तुमच्याकडं तारखांसह फोटो, अर्जाची पोच असेल तर ती लगेच आमदारांकडं पोचवा. सभागृहात चुकीची माहिती देणं ही साधी गोष्ट नाही, त्यावर हक्कभंग मांडता येतो.

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे 'हे अंशतः खरे आहे'. यात कुठला अंश खरा आणि कुठला खोटा, हे खालच्या ओळीत शोधावं लागतं. बऱ्याच वेळा तिथं 'कार्यवाही सुरू आहे' असतं. कुणाच्या टेबलावर, कधीपासून, कधीपर्यंत, यातलं काही नसतं. अशा वेळी उपप्रश्न कामाचा. "तारीख सांगा" एवढे दोन शब्द जरी आमदार बोलले तरी मंत्र्याला काहीतरी बांधून घ्यावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी येतं 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिलंच खरं नाही म्हटलं की पुढचं आपोआप उद्भवत नाही. हे लिहिणाऱ्याची मात्र दाद द्यावी लागते!

एका तासात मोजकेच प्रश्न तोंडी होतात. पण तुमचा प्रश्न पुकारला गेला नाही म्हणून वाया गेला असं समजू नका, छापील उत्तर राहतंच.

सरकारच्या कागदातूनच सरकारला अडवता येतं, हे सिंचनाच्या बाबतीत अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलंय. २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण फक्त ०.१ टक्का वाढल्याचं आलं. अहवाल सरकारचाच, विधिमंडळात ठेवलेला. विरोधकांनी तो आकडा धरून ठेवला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली.

विचारायला जागाच नसली की काय होतं, तेही आपण भोगलंय. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतलं ५ टीएमसी पाणी इंदापूरकडं उचलायचा निर्णय झाला तेव्हा अधिवेशन नव्हतं. जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात तो रद्द झाला. जुलैचं पावसाळी अधिवेशन कोरोनामुळं दोनच दिवसांचं, त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. त्याच अधिवेशनात ५ जुलैला १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, त्यात माळशिरसचे राम सातपुते होते. गोंधळात चूक कुणाची हा वाद वेगळा, पण माळशिरसच्या लोकांचा प्रश्न मांडायला विधानसभेत माणूसच राहिला नाही. पुढं २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अधिवेशन संपल्यानंतरचं निलंबन रद्द केलं आणि मतदारसंघ इतका काळ प्रतिनिधीशिवाय ठेवता येणार नाही, हा मुद्दा त्या निकालात होता.

जिल्हा परिषदेचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये आपल्या झेडपीची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. शाळेची खोली, रस्ता, जनावरांचा दवाखाना यावर सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्याला उभं करणारा सदस्य त्या काळात नव्हता. सगळा भार आमदारांच्या प्रश्नावर आला.

मंत्री सभागृहात "करतो", "चौकशी लावतो" म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. ते ९० दिवसांत पुरं करणं अपेक्षित असतं, आणि झालं का नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. फक्त पाठपुरावा करणारा आमदार लागतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून गेले, १९६२ पासून, आणि पाण्याचा एकच विषय वर्षानुवर्षं लावून धरला. एका भाषणात पाणी आलं असतं तर त्यांना एवढी वर्षं बोलावं लागलं नसतं.

प्रश्नोत्तरांच्या याद्या महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात, मोबाईलवर उघडतात. यादीत आपल्या तालुक्याचं नाव शोधा. उत्तरात 'मंजुरी दिली आहे' असं दिसलं तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्या आदेशाची प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि आमदारांना निवेदन देताना 'आमच्या गावाला पाणी मिळावे' असं लिहू नका, त्याचा प्रश्न बनत नाही. कालवा कुठला, फाटा कुठला, किती शेतकरी, कुठल्या तारखेला अर्ज केला, पोच कुठाय, एवढं एका पानावर द्या. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात असतं, म्हणजे त्याचा कागद दिवाळीच्या आसपासच त्यांच्या हातात पडला पाहिजे.