शनवार तेली परदेशी नांदले

अलिबाग, पेण, मुरूडकडच्या वाचकांना ‘शनवार तेली’ हे नाव सांगायला नको. घाण्यावर तेल गाळणारी, पण शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारी ही मंडळी. धर्माने यहुदी, बोलीने मराठी. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची गावांवरून पडलेली आडनावे. १९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला आणि पुढच्या काही दशकांत त्यांच्यातले बहुतेक जण तिकडे गेले.

आपल्याच धर्माच्या माणसांत चाललो, असे जाताना वाटले होते. पण देश बदलला की सगळेच बदलते. कित्येकांची बिऱ्हाडे बीरशेबा, दिमोना अशा वाळवंटातल्या गावांत पडली. बीरशेब्याला वर्षभरात पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशीच तेवढा कोसळतो! भाषा हिब्रू, तीही उजवीकडून डावीकडे लिहायची. मोठ्या माणसांनाही वर्गात बसून मुळाक्षरे गिरवावी लागली. पोरे शाळेत चटकन बोलू लागली. म्हाताऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

एक गोष्ट सोपी झाली. शनिवार पाळणारे म्हणून ते गावात वेगळे दिसत. तिथे शुक्रवारी दिवस मावळला की सारा देशच कामे थांबवतो आणि रविवारी पुन्हा कामाला लागतो.

तरीही मनाला लागेल असे घडलेच. रंगावरून आपल्याला कमी लेखतात, अशी तक्रार करून १९५१ साली काहींनी धरणे धरले. काही कुटुंबे भारतात परतलीही. १९६२ साली तर तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढले की, यांच्याशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या धर्म पाळलेल्या माणसांना हे कसे सोसावे? त्यांनी एकजुटीने लढा दिला आणि १९६४ साली बरोबरीचा मान मिळवला.

हे सारे चालू असताना घरच्या बायकांनी चूल सांभाळली. त्यांच्या धर्मात मटणाबरोबर दूध-दही चालत नाही. तिथे कोकणातला नारळाचा रस कामी आला. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हन्नबीच्या नावाने आजही तिथे होतो. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवले.

आज आपल्याही गावांतली मुले-मुली शिक्षणाला, नोकरीला दूरदेशी जातात. त्यांना निरोप देताना लोणच्याची बरणी जरूर द्यावी. त्याबरोबर हेही सांगावे, की तिथली भाषा मन लावून शीक, तिथल्या रीतींचा मान राख. पण कुणी कमी लेखले तर मान खाली घालू नकोस. आणि घरी फोन केलास की मराठीतच बोल.