कढईतलं उरलेलं तेल

सभासद भगिनींनो, दिवाळीच्या चकल्या-करंज्या तळून उरलेलं काळं तेल मोरीत ओतू नका, ही आमची विनंती. बंधूंनीही वाचावं, शोषखड्डा उपसायची पाळी त्यांच्यावरच येते! डालडा, पामतेल थंडीत पाइपात गोठतं, त्याला खरकटं चिकटतं. खड्ड्यातल्या दगड-विटांवर तेलाचा थर बसला की पाणी मुरत नाही. बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात ते आधीच सावकाश मुरतं. मग अंगणात डबकं, डबक्यात डास.

तेल निवलं की गाळून घ्या, दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा. फेसाळणारं, खवट तेल मात्र पोटात नको. तळून बिघडलेल्या तेलातल्या पोलर घटकांवर सरकारनं २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी नाकानंच ओळखायचं. असं तेल राखेत किंवा भुशात जिरवून कचऱ्यात टाका. कढईही आधी रद्दीनं पुसा, मग घासा. आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नको, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण ठेवा.