विश्लेषण : हातभर कापडी ‘पॅच’साठी अनोळखी माणसावर विश्वास; मेटल संग्राहकांची ऑनलाइन देवघेव कशी चालते?

जीन्सच्या बिनबाह्यांच्या जॅकेटवर आयर्न मेडन, मेटॅलिका, स्लेयर अशा बॅण्डच्या नावांचे कापडी तुकडे शिवून फिरणारे चाहते जगभर आहेत. यातले जुने पॅच आता दुकानात मिळत नाहीत. ते मिळतात दुसऱ्या संग्राहकाकडून, तेही ऑनलाइन. एक जण मुंबईत, दुसरा जर्मनीत, आणि दोघांची भेट होण्याची शक्यता जवळपास नाही. वस्तूची किंमत कोर्टकचेरी करावी इतकी नसते, पण ती गेली तर पुन्हा मिळेलच याची खात्रीही नसते. मग हा व्यवहार कशाच्या बळावर चालतो?

बॅण्ड पॅच म्हणजे नेमके काय?

पॅचचे मुख्य प्रकार तीन: कापडावर छापलेले, भरतकाम केलेले आणि यंत्रावर धाग्यांनी विणलेले. विणलेल्या पॅचमध्ये बारीक तपशील येतो, म्हणून संग्राहकांची पसंती त्याला जास्त. जॅकेटची पूर्ण पाठ व्यापतो तो ‘बॅक पॅच’. मोटारसायकल क्लबच्या जॅकेटवरून ही पद्धत रॉक चाहत्यांकडे आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये हेवी मेटलची नवी लाट आली आणि ‘बॅटल जॅकेट’ ही तिची ओळख बनली.

एकच डिझाइन लाल, पिवळ्या, काळ्या अशा वेगवेगळ्या रंगांच्या किनारीत निघते आणि प्रत्येक रंगाचे मोजकेच नग तयार होतात. त्यामुळे पॅचची किनार कोणत्या रंगाची, तो कधी शिवला गेला होता का, यावर किंमत बदलते. न शिवलेला जुना पॅच सर्वात महाग.

या देवघेवीची सुरुवात कुठून झाली?

इंटरनेटच्या आधी मेटल चाहते टपालाने कॅसेटची अदलाबदल करत. मेटॅलिकाची १९८२ ची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही डेमो टेप अशाच हातोहाती पसरली. बॅण्डचा ड्रमर लार्स उलरिक स्वतः या टेप-देवघेवीतला होता. टेप पाठवायची आणि समोरून येईल म्हणून आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, हा तेव्हाचा शिरस्ता. जो टेप घेऊन गप्प बसे, त्याचे नाव चाहत्यांच्या हस्तलिखित-झेरॉक्स नियतकालिकांत फसव्यांच्या यादीत येई. आजच्या पॅच देवघेवीचे बरेच नियम याच काळातले आहेत. बदलले ते फक्त माध्यम.

पहिले पाकीट कोणी टाकायचे?

हा या व्यवहारातला सर्वात नाजूक प्रश्न. सर्वमान्य उत्तर असे की, ज्याच्या नावावर कमी व्यवहार जमा आहेत, त्याने आधी पाठवायचे. नवख्याला हे अन्यायाचे वाटते, पण त्यामागे साधा हिशेब आहे. शंभर व्यवहार नीट केलेल्या माणसाने एका पॅचसाठी फसवले तर त्याची अनेक वर्षांची पत जाते. नवख्याकडे गमावण्यासारखे अजून काही नसते. म्हणजे इथे पत हेच तारण.

दोघांची पत सारखी असेल तर एकाच दिवशी पाठवायचे आणि पावतीचा फोटो एकमेकांना द्यायचा. वस्तू फार मौल्यवान असेल तर दोघांच्या ओळखीचा तिसरा संग्राहक मध्ये घेतात. दोन्ही पाकिटे त्याच्याकडे जातात, तो तपासतो आणि पुढे पाठवतो.

त्याआधीची पायरी म्हणजे पॅचशेजारी स्वतःचे वापरकर्ता-नाव आणि तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो. दुसऱ्याचा फोटो उचलून स्वतःचा माल म्हणून दाखवणाऱ्याला हे सहज जमत नाही. असा फोटो मागणे हा अपमान मानला जात नाही. तो द्यायला टाळाटाळ झाली तर मात्र व्यवहार तिथेच थांबतो.

खरा की नकली, कसे ओळखतात?

अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये ‘लेमन्स’वरील शोधनिबंधात जुन्या मोटारींचे उदाहरण दिले होते. मोटारीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नाही. ही दरी भरली नाही तर चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. या कामासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. जुन्या पॅचच्या बाजारात नेमकी हीच अडचण आहे.

परवान्याने बनलेल्या अनेक पॅचवर कडेला वर्ष आणि हक्काची बारीक ओळ विणलेली असते. संग्राहक ती वाचतात, मागची बाजू पाहतात, किनारीची शिलाई तपासतात. काही जण अतिनील दिव्याखाली धागा धरतात, कारण अनेक आधुनिक धागे त्या प्रकाशात चमकतात. पण हा एकटा पुरावा पुरेसा नाही.

बूटलेग, म्हणजे बॅण्डच्या परवानगीशिवाय बनलेला पॅच, या जगात सरसकट त्याज्य नाही. १९८० च्या दशकात बनलेले काही बूटलेग आज मूळ पॅचइतक्याच आवडीने जमवले जातात. बॅण्डला त्यातून काही मिळत नाही, हा आक्षेप कायम आहे, आणि त्यामुळे काही जण त्यांना हातही लावत नाहीत. पण नव्याने विणलेला पॅच ‘जुना’ म्हणून विकणे कोणालाच मान्य नाही. बूटलेग असेल तर तसे आधी सांगायचे, हा नियम.

पैसे कसे दिले जातात?

परदेशी व्यवहारांत पेपल जास्त चालते. त्यात ‘वस्तू व सेवा’ आणि ‘मित्र व कुटुंब’ असे दोन मार्ग असतात. पहिल्यात विक्रेत्याला शुल्क पडते, पण वस्तू न आल्यास खरेदीदाराला १८० दिवसांत दाद मागता येते. दुसऱ्यात हे संरक्षण नाही. त्यामुळे अनोळखी विक्रेत्याने दुसऱ्याच मार्गाचा हट्ट धरला तर सावध व्हावे. शुल्काचा भार निम्मा-निम्मा उचलणे हा सभ्य तोडगा.

भारतात पेपलने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले. त्यामुळे पुणे-बंगळूरु असा सौदा यूपीआयवरच होतो. यूपीआयने पैसे क्षणात जातात, पण खरेदीदार संरक्षण त्यात नाही. म्हणून इथे ओळखीच्या संग्राहकाची साक्ष जास्त मोलाची.

टपाल आणि कस्टमचा अडथळा कुठे येतो?

पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहा, अशी विनंती अनेकदा होते. खोटी नोंद पाठवणाऱ्याला अडचणीत आणते आणि पाकीट हरवले तर भरपाईही त्या कमी रकमेवरच ठरते. शिवाय भारतात भेटवस्तूंना असलेली शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता संपली. युरोपीय महासंघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या मालाची करमाफी काढली. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी थांबवली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याची अमेरिकेला जाणारी सेवाही स्थगित झाली आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. म्हणूनच पाकीट उशिरा आले की लगेच ‘फसवले’ असे जाहीर न करता आधी ट्रॅकिंग क्रमांक तपासायचा, असा संकेत आहे.

शिष्टाचार कोणते?

‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेल्या पॅचमागे लागायचे नाही. दोघांचे बोलणे सुरू असताना जास्त भाव देऊन मध्ये घुसायचे नाही. ‘घेतो’ म्हटल्यावर गायब व्हायचे नाही. सुटलेला धागा, जुन्या शिलाईची भोके, मागचा गोंद हे सगळे आधी सांगायचे. पॅच दुमडायचा नाही, दोन पुठ्ठ्यांत ठेवून पाठवायचा. मित्रभावाने स्वस्तात मिळालेला पॅच दुसऱ्या दिवशी चढ्या भावात विकणाऱ्याला कायदा काही करत नाही, पण त्याला पुन्हा कोणी स्वस्तात देत नाही. पाकीट मिळाले की त्याच दिवशी कळवायचे आणि अभिप्राय नोंदवायचा. नवख्याची पत याच नोंदींतून उभी राहते, म्हणून ती न लिहिणे हेही गैर मानले जाते.

फसवणूक झालीच तर?

संभाषण, पैसे दिल्याची नोंद आणि ट्रॅकिंग यांचे स्क्रीनशॉट लगेच जपून ठेवा. समोरच्याला ठरावीक मुदत देऊन लेखी विचारा. पेपल असेल तर १८० दिवसांच्या आत तक्रार करा. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितके बरे. इतर संग्राहकांना सावध करताना वापरकर्ता-नाव आणि पुरावे द्या. समोरच्याच्या घरचा पत्ता किंवा फोन क्रमांक जाहीर करू नका. तो पत्ता त्याने पॅच मागवण्यासाठी विश्वासाने दिलेला असतो.