गाण्याच्या मनोऱ्यातला भाडेकरू

चाळीत वाढलेल्या माणसाला वरच्या मजल्यावरचा खोकला ओळखता येतो. आमच्या गिरगावातल्या चाळीत मध्यरात्री उबळ ऐकू आली की आई अंथरुणातूनच म्हणायची, "अण्णांना आज परत झोप नाही वाटतं." माणूस दिसायचा नाही, पण खोकला घरातलाच वाटायचा.

पुढे एका मित्राच्या कॅसेटवर लेनर्ड कोहेनचं 'टॉवर ऑफ साँग' ऐकलं. शब्द निम्मेच कळले, तो खोकला मात्र लगेच कळला. गाण्यांचा एक उंच मनोरा आहे. खालच्या एका खोलीत केस पिकलेला गायक मुकाट्याने भाडं भरत राहतो आहे. त्याचे मित्र निघून गेले आहेत. आणि कितीतरी मजले वर अमेरिकन कंट्री गायक हँक विल्यम्स रात्रभर खोकतो आहे. हा हँक १९५३ च्या १ जानेवारीला अवघ्या २९ व्या वर्षी गेला. कोहेन त्याच्याहून कितीतरी जास्त जगला, तरी स्वतःची खोली त्याने खालीच ठेवली. उतारवयावर पुष्कळ गाणी आहेत, पण आपली जागा इतक्या शांतपणे सांगणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

आता थोडक्यात कोहेनची पूर्वपीठिका. जन्म १९३४, माँट्रियल. आधी कवी आणि कादंबरीकार, पहिली तबकडी १९६७ ची, म्हणजे तिशी उलटल्यावर. १९८४ साली 'हॅलेलुया' ज्या संग्रहात होतं तो काढायला त्याच्या अमेरिकन कंपनीने नकार दिला. १९८८ च्या 'आय अॅम युअर मॅन'मधलं शेवटचं गाणं म्हणजे आपलं हे. तेव्हा कोहेन ५३ वर्षांचा होता.

गाण्याचा साजही ऐकण्यासारखा आहे. छोट्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर एक साधा ठेका चालू असतो, मागे जेनिफर वॉर्न्सचा मऊ आवाज, आणि मध्येच कोहेन एका बोटाने सूर वाजवतो. शिकाऊ मुलगा पेटीवर सरगम काढतो तसं ते वाजवणं आहे.

मात्र मला खरी ओढ आहे ती कोहेनच्या मुंबईतल्या धाग्याची. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात पाच वर्षं काढून, तिथे भिक्षूची दीक्षा घेऊन, १९९९ साली कोहेन मुंबईत आला. केम्प्स कॉर्नरला एका साध्या हॉटेलात उतरायचा आणि रोज सकाळी गमाडिया रोडवर रमेश बाळसेकरांच्या घरी जाऊन बसायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. ते निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर महाराज मराठीत बोलायचे आणि बाळसेकर परदेशी साधकांना ते इंग्रजीत सांगायचे. सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे, मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे महाराज, त्यांचा बँकर शिष्य आणि त्या शिष्यासमोर बसलेला कॅनडाचा कवी, ही परंपरा मला विलक्षण वाटते.

गेल्या पावसाळ्यात मी खेतवाडीतून गमाडिया रोडपर्यंत मुद्दाम चालत गेलो. रमतगमत पाऊण तास लागला. छत्री मिटून एका फाटकाशी उभा राहिलो, तर वॉचमनने विचारलं, "कोणाकडे जायचंय?" कोणाकडेच नाही, म्हटलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं, "बसा मग, पाऊस जाईपर्यंत."

बाळसेकरांचं सांगणं एका वाक्यात मावतं: घडतं ते घडतं, करणारा कोणी नाही. गीता वाचणाऱ्या घरात हे नवं नाही. पण आयुष्यभर नैराश्याशी झगडलेल्या कोहेनचं ओझं नेमकं याच काळात उतरलं. चिंतेच्या पेशी वयाबरोबर मरतात असं आपण कुठेसं वाचलंय, असंही तो सांगायचा. माझ्यापुरतं मी श्रेय गमाडिया रोडला देतो.

पुढे व्यवस्थापिकेने केलेल्या अफरातफरीत त्याची म्हातारपणची पुंजी गेली. २००८ च्या मार्चमध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्याला मानाचं पान दिलं, तेव्हा भाषणात त्याने याच गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. मे महिन्यात ७३ व्या वर्षी तो पुन्हा दौऱ्यावर निघाला.

त्या जुलैतल्या लंडनच्या मैफलीचं चित्रण मी कितीदा पाहिलंय. अंगात सूट, डोक्यावर टोपी. 'टॉवर ऑफ साँग' सुरू होतं, तो कीबोर्डशी उभा राहतो आणि एका बोटाने तेच चार-दोन सूर वाजवतो. हजारो लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. तो त्यांचे मनापासून आभार मानतो आणि पुढच्या कडव्याला लागतो. मागे बायकांचे आवाज तसेच हळू गात असतात.