वारा औषधाचे तुषार कसे करतो?



कामरगावच्या शिवारात सोयाबीन, तूर, कपाशीवर कीड दिसली की फवारणीची लगबग सुरू होते. साध्या हातपंपात औषध दाबाने बारीक छिद्रातून बाहेर पडते. जोराची हवा फेकणाऱ्या पेट्रोलवरच्या पंपात मात्र थेंब करण्याचे काम वारा करतो.

ते कसे? बशीतल्या चहावर फुंकर घाला. चहावर सुरकुत्या उठतात. पंपाच्या नळीच्या तोंडाशी औषधाचा पातळ पापुद्रा येतो. त्यावरून सुसाट हवा गेली की अशाच लाटा उठतात, वाढतात आणि पापुद्रा फाटतो. त्याचे धागे होतात, धागे तुटून थेंब होतात. हवा जितकी वेगाची, तितके थेंब बारीक. औषधाची चावी जास्त उघडली, तर तेवढ्याच हवेला जास्त औषध फोडावे लागते. मग थेंब जाड पडतात.

थेंबाची जाडी निम्मी झाली की एकाचे आठ थेंब होतात आणि तेवढ्याच औषधात दुप्पट पान झाकले जाते. हा झाला फायदा. आता धोका पाहा. मिलिमीटरच्या 10 व्या भागाएवढा थेंब 10 फुटांवरून सुमारे 11 सेकंदांत खाली येतो. 100 व्या भागाएवढ्या थेंबाला वारा नसतानाही सुमारे 17 मिनिटे लागतात. तोवर तो श्वासावाटे छातीत जाऊ शकतो. शिवाय या पंपाला पाणी कमी लागते, म्हणून प्रत्येक थेंबातले औषध अधिक तीव्र असते.

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसजणांच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. तुषार पानांबरोबर माणसाच्या तोंडावरही येत होते.

म्हणून वारा जोराचा असेल तर फवारणी थांबवा. तुषार आपल्यापासून दूर जातील अशा बेताने चाला. साध्या रुमालातून बारीक तुषार आत जातात. औषधासाठीचा मुखवटा, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे वापरा. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. चक्कर, उलटी किंवा अंधारी आली तर लगेच कपडे बदलून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. कीड दुसऱ्या दिवशीही मारता येते.