बडीशेप : मोठ्यांना चालेल, तान्ह्या बाळाला नको

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही हॉटेलात जेवा, बिलासोबत बडीशेप येतेच. उशिराच्या लोकलने घरी येऊन रात्री दहानंतर जेवणाऱ्यांनाही पोट जड झाले की तिचीच आठवण होते. हा उपाय निराधार नाही. बडीशेपेतल्या सुगंधी तेलात अ‍ॅनेथोल हा मुख्य घटक असतो. या तेलामुळे आतड्यांचे स्नायू सैल होतात आणि अडकलेला वायू सुटायला मदत होते. आयुर्वेदात तिला मिश्रेया म्हणतात. जेवणानंतर अर्धा-एक चमचा बडीशेप चावून खावी, किंवा ठेचून कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवावी व गाळून प्यावी. झाकण न ठेवल्यास तेल वाफेबरोबर उडून जाते.

खरी काळजी आहे ती तान्ह्या बाळांची. संध्याकाळी बाळ रडू लागले की ‘पोटात दुखत असेल, बडीशेपेचे पाणी पाजा’ असा सल्ला घरातून मिळतो. मात्र पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते आणि दूध कमी जाते. पाणी किंवा वाटी-चमचा अस्वच्छ असेल तर जुलाबाचा धोका वाढतो. बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचा घटकही असतो. मोठ्या मात्रेत दिल्यावर त्यामुळे उंदरांमध्ये यकृताच्या गाठी झाल्याचे आढळले आहे. युरोपीय औषध संस्थेने चार वर्षांखालील मुलांना बडीशेपेचा काढा देण्याची शिफारस केलेली नाही.

नावांचा आणि वासाचा घोळही टाळायला हवा. बाळंतिणीला देतात ती बाळंतशेप म्हणजे शेपूचे बी. ती बडीशेप नव्हे. मसाल्यातले चक्रफूल तर वेगळ्याच झाडाचे. त्याचा वास बडीशेपेसारखाच, पण त्यात विषारी जपानी जातीची भेसळ होऊ शकते. चक्रफुलाचा चहा घेतल्यावर लहान बाळांना झटके आल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये तो न पिण्याचा इशारा दिला होता.

बाळाचे असे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप थांबते. तोवर दूध पाजल्यावर ढेकर काढावी, बाळाला उभे धरून फिरवावे. मात्र ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेले पोट, दूध न पिणे किंवा मलूल पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

मोठ्यांनीही थोडे भान ठेवावे. गरोदरपणी स्वयंपाकातली बडीशेप चालते. तिचे तेल, अर्क वा रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गाजर, धणे किंवा ओव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना एकाच कुळातल्या बडीशेपेचाही त्रास होऊ शकतो. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर ‘गॅस झालाय’ म्हणून बडीशेप चघळत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.