गेम बनवणाऱ्यांची संध्याकाळ आणि आपला वर्ग



"बाई, याच्या हातातला मोबाइल कसा सोडवायचा हो?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. मूल तासन् तास गेम खेळतं ही तक्रार खरीच आहे, पण आजचा लेख तिच्यावर नाही. आज गेम खेळणाऱ्यांबद्दल नाही, तर गेम बनवणाऱ्यांबद्दल बोलू या. त्यांची एक चांगली प्रथा आहे आणि ती आपल्या वर्गात सहज आणता येते.

ही संध्याकाळ म्हणजे नेमकं काय?

जगभरातल्या शहरांत, आपल्याकडे पुणे, मुंबई, बंगळुरूसारख्या ठिकाणीही, गेम बनवणारी आणि गेमची आवड असणारी माणसं अधूनमधून एकत्र जमतात. जागा साधीच असते. एखाद्या कॉलेजची खोली, ऑफिसचा हॉल, नाहीतर कॅफे. टेबलांवर लॅपटॉप मांडलेले असतात आणि त्यांवरचे बरेचसे गेम चक्क अर्धवट असतात. कुठे पात्राला चेहराच नाही, कुठे आवाज नाही, कुठे दार उघडलं की सगळं बंद पडतं. हे माहीत असूनही बनवणारा तो गेम अनोळखी माणसाच्या हातात देतो.

येणाऱ्यांत कुणी प्रोग्रॅम लिहिणारं असतं, कुणी चित्रं काढणारं, कुणी संगीत देणारं, कुणी गोष्ट रचणारं. काही जण नुसते खेळायला आलेले असतात. ज्याला प्रोग्रॅम जमतो पण चित्र जमत नाही, त्याला इथे चित्रकार भेटतो. गप्पा मारता मारता जोड्या जमतात.

गप्प बसण्याचा नियम

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. कुणी तुमचा गेम खेळत असेल तर तुम्ही मध्ये बोलायचं नाही. "डावीकडे जा", "ते बटण दाब" असं काही सांगायचं नाही. मागे उभं राहून बघायचं आणि वहीत लिहायचं. खेळणारा कुठे अडला? कुठे चुकीचं बटण दाबलं? कुठे कंटाळला? याला प्लेटेस्ट म्हणतात, म्हणजे खेळायला देऊन घेतलेली चाचणी.

असं का? कारण गेम घरोघरी पोहोचेल तेव्हा समजावून सांगायला बनवणारा तिथे नसेल. जे सांगायचं ते गेममध्येच असायला हवं. म्हणून चारपाच माणसं एकाच ठिकाणी अडली, तर त्यांना दोष देत नाहीत. ती जागा दुरुस्त करतात. खेळून झाल्यावर "आवडला का?" असंही विचारत बसत नाहीत, कारण तोंडावर सगळेच "छान आहे" म्हणतात. "कुठे अडलात?" हा प्रश्न जास्त कामाचा.

ही रीत जुनीच आहे

१९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लोकांना आत येऊन बघण्याचा दिवस होता. नुसती मांडून ठेवलेली उपकरणं बघून लोक कंटाळतात, हे विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं. त्यांनी एका छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. तो खेळायला रांगा लागल्या. पुढच्या वर्षी मोठा पडदा आला, आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर चेंडू कसा उडेल हेही दाखवलं गेलं.

१९६२ साली एमआयटी या संस्थेत 'स्पेसवॉर' हा अवकाशयानांच्या लढाईचा गेम तयार झाला. मूळ प्रोग्रॅम मुख्यतः स्टीव्ह रसेल यांचा. पण मित्र खेळत गेले आणि भर पडत गेली. एकाने मधल्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण आणलं, दुसऱ्याने आकाशात खरे तारे जागच्या जागी बसवले. संगणकाच्या कळा दाबून कोपरं दुखायला लागली, तेव्हा दोघांनी हातात धरायच्या पेट्याच बनवल्या!

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. 'राजी' नावाचा गेम २०२० साली आला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट, आणि तिच्यात दुर्गा आणि विष्णू भेटतात. हा गेम पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या स्टुडिओने बनवला. म्हणजे हे काम कुठे तरी लांब परदेशातच होतं असं नाही.

वर्गात कसं करायचं?

संगणक नसला तरी चालेल. चौथीच्या वर्गात मी असं केलं:

१. चार-पाच मुलांचा एक गट. प्रत्येक गटाने पुठ्ठ्यावर सापशिडीसारखा स्वतःचा खेळ बनवायचा आणि नियम कागदावर लिहायचे.
२. खेळांची अदलाबदल करायची. बनवणाऱ्यांनी हाताची घडी घालून मागे उभं राहायचं. तोंड बंद!
३. खेळणारे अडतील त्या जागा वहीत टिपायच्या.
४. नियम सुधारून खेळ पुन्हा खेळायला द्यायचा.

यात भाषेतलं सूचनालेखन आलं, गणित आलं आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणंही आलं.

एका गटाने लिहिलं होतं, "साप आला की परत जा." खेळणाऱ्या मुलांत भांडण जुंपलं. परत म्हणजे शेपटीपाशी की पहिल्या घरात? बनवणाऱ्या गटातला एक मुलगा मागे नुसता चुळबुळत होता. याच मुलाच्या आईला मी "मोबाइल सरळ काढून घ्या" असं सांगितलं होतं. खेळ संपल्यावर तो म्हणाला, "बाई, त्यांचं चुकलं नाही. कुठे परत जायचं ते आम्ही लिहिलंच नाही."

मला माझ्या प्रश्नपत्रिका आठवल्या. अर्धा वर्ग एखादा प्रश्न चुकला की मी लाल पेनाने "सूचना नीट वाचा" असं लिहून मोकळी होते. अर्धा वर्ग चुकला तर सूचना मी नीट लिहिली होती का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता चाचणी देण्याआधी मी शेजारच्या वर्गातल्या दोन मुलांना सूचना वाचायला देते आणि गप्प बसून बघते.

पालकांसाठी थोडं

वेळेची मर्यादा घालाच, त्यात सूट नको. पण एकदा मुलाशेजारी बसून विचारा, "या गेममध्ये तुला काय बदलावंसं वाटतं?" उत्तरं ऐकून तुम्हीच चकित व्हाल. आवड दिसली तर एमआयटीनेच २००७ मध्ये आणलेलं 'स्क्रॅच' दाखवा. ते मोफत आहे, त्यात रंगीत ठोकळे जोडून मुलं स्वतःचा छोटा गेम बनवू शकतात. आणि जवळपास अशी संध्याकाळ असली, तर लहान मुलांना प्रवेश आहे का हे आधी विचारून तुम्हीही सोबत जा. तिथे मुलाला अर्धवट काम न लाजता दाखवणारी मोठी माणसं बघायला मिळतील. आपल्या वर्गांत ती फार क्वचित दिसतात.